फळांचं कॉकटेल दर वेळी गोडमिट्ट किंवा पाणचट का होतं?

तक्रार बहुतेक घरांत एकच असते. रम, लिंबू आणि साखर एवढंच घेतलं की पेय झकास जमतं. त्यात आंबा, कलिंगड, पेरू असं काही गेलं की बिनसतं. मग कुणी वरून आणखी रम ओततं, कुणी सोडा, कुणी अजून एक लिंबू पिळतं. जग भरत जातो, पण चव काही जागेवर येत नाही. पुढच्या वेळी फळ बदलून पाहतात. तेही तसंच होतं.

गडबड फळाला नुसता स्वाद समजण्यात आहे. फळ ग्लासात येताना साखर घेऊन येतं, भरपूर पाणी घेऊन येतं आणि चोथाही घेऊन येतं. आंबटपणा मात्र बहुतेक पिकलेली फळं फारसा आणत नाहीत. त्यामुळे बाकी मापं तशीच ठेवून फळ वरून घातलं की साखर आणि पाणी वाढतं, आणि आंबट न् दारू होती तेवढीच राहते. फळाला हिशेबात धरलं की निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतात.

आधी मूळ माप पक्कं करा

क्यूबातली दायकिरी हे यातलं सगळ्यात सरळ उदाहरण: रम, लिंबू, साखर, बस्स. ६० मिली रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक. हे एकदा फळाशिवाय करून प्या. ही चव जिभेवर बसली नसेल तर फळ घातल्यावर काय चुकलं ते कळायला मार्गच नाही.

पाक म्हणजे इथे एकतारी-दोनतारी नव्हे. साखर आणि पाणी समान वजनाचं घ्यायचं, साखर विरघळेपर्यंतच कोमट करायचं, उकळायचं नाही. उकळत ठेवलं की पाणी उडतं, पाक दाट होतो आणि तुमचे २० मिली दर वेळी वेगळे गोड लागतात. वाटीने मोजलं तरी चालतं, फक्त वाटीभर साखर वाटीभर पाण्यापेक्षा हलकी असते, म्हणून तो पाक जरा पातळ होईल. दर वेळी एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं.

मोजायला पेगमेजर नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण घ्या. त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात. चहाचा चमचा साधारण ५ मिली. 'अंदाजाने' हा शब्द भाजीला ठीक आहे, इथे नाही. १० मिली पाक इकडेतिकडे झाला तर अख्खा ग्लास बिघडतो.

लिंबाचंही तसंच. कागदी लिंबू मध्यम असेल तर १५ ते २० मिली रस देतं, उन्हाळ्यातलं वाळकं लिंबू त्याच्या निम्मा. त्यामुळे 'दोन लिंबं' हे माप नव्हे. रस मोजा. आणि बाटलीतलं लिंबाचं कॉर्डियल लिंबाच्या जागी वापरत असाल तर गोडमिट्टपणाचं कारण सापडलंच. त्यात साखर भरलेली असते.

घशाशी येणारं गोड

हा रोग मुख्यतः आंब्याचा. आमच्याकडे मे महिन्यात एकदा हापूसचा जग झाला होता. वहिनींनी पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "भाऊजी, यात आमरसात रम घातलीय की रममध्ये आमरस?" प्रश्न अगदी मुद्द्याचा होता.

हिशेब करून बघू. वरच्या मूळ मापात २० मिली पाकातून साधारण १२ ग्रॅम साखर येते. २५ मिली लिंबाच्या रसात आम्ल सुमारे दीड ग्रॅम. म्हणजे एक भाग आंबटाला आठ भाग गोड. जिभेला हे प्रमाण नेमकं वाटतं. आता यात ६० ग्रॅम पिकल्या हापूसचा गर घाला. त्या गरातच जवळपास ११ ग्रॅम साखर आहे, आम्ल मात्र नावापुरतं. बेरीज २३ ग्रॅमवर गेली आणि आंबट दीडच्या थोडंच वर. आठास एक होतं ते तेरास एकच्या पुढे गेलं. मग ते पेय उरत नाही, पातळ आमरस होतो.

उपाय पाकात आहे. ६० ग्रॅम गर घेतला तर पाक २० वरून ५ मिलीवर आणा, लिंबू २५ तसंच ठेवा. बेरीज पुन्हा आठास एकच्या आसपास येते. हापूस फारच उतरलेला, साल सुरकुतलेला असेल तर पाक शून्य आणि लिंबू ३० करा. पायरी किंवा केसर घेतलात तरी सुरुवात इथूनच करा, मग चव बघून हलवा.

डब्यातला आंब्याचा रस वापरणाऱ्यांनी डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचावीत. बहुतेक डब्यांत रसात साखर घातलेली असते आणि तसं लिहिलेलंही असतं. तशा रसाबरोबर पाकाचा थेंबही नको. पाकिटातल्या 'फ्रूट ड्रिंक'बद्दल तर बोलायलाच नको. त्यात फळ किती टक्के आहे तेवढं वाचा, पुढचं आपोआप कळेल.

सोड्यातली साखरही लोक विसरतात. लिंबाच्या गोड सोड्यात १०० मिलीला साधारण १० ग्रॅम साखर असते. ग्लास भरायला १५० मिली ओतला की १५ ग्रॅम आली, म्हणजे पाकाच्या पूर्ण मापापेक्षाही जास्त. फळाबरोबर नेहमी साधा, खारवट सोडा घ्या. टॉनिकमध्येही साखर असते, फक्त कडवटपणाखाली ती लपते.

पाणचट, मिळमिळीत

हा कलिंगडाचा रोग, आणि काही अंशी स्ट्रॉबेरीचाही. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपल्याकडे मिळणाऱ्या रम-जिनवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. मूळ मापात बर्फाचं पाणी धरून ग्लासात शेवटी १९ टक्क्यांच्या आसपास दारू उरते. त्यात ६० मिली कलिंगडाचा रस गेला आणि जास्तीच्या रसाबरोबर थोडा जास्त बर्फही वितळला, की तीच १३ टक्क्यांवर येते. आंबटही तेवढंच विरतं. म्हणून ते दारूसारखंही लागत नाही आणि सरबतासारखंही नाही.

यावर लोक रम वाढवतात. त्याने पेय कडक होतं, चव भरत नाही, आणि दुसऱ्या ग्लासनंतर मंडळी उगाच मोठ्याने बोलायला लागतात. त्याऐवजी पाणी कमी करा. कलिंगडाचा रस गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि साध्या बर्फाच्या जागी तेच खडे वापरा. वितळेल तो रसच वितळेल. त्या खड्यांबरोबर पाक १० ते १२ मिली पुरतो. रमची बाटली आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा, ती गोठत नाही. लिंबू आणि पाक फ्रीजमध्ये. सगळंच गार असलं की बर्फाला वितळायला कारण उरत नाही.

आणि मीठ. चिमटीपेक्षाही कमी, चाकूच्या टोकावर मावेल एवढंच. खारट लागता कामा नये. कलिंगडाच्या फोडीवर आपण मीठ का भुरभुरतो ते ठाऊक असलेल्याला हे वेगळं सांगायला नको. काळं मीठ आणि चाट मसाला मात्र जपून. एकदा गेला की सगळी फळं सारखीच लागतात.

स्ट्रॉबेरीची गोष्ट थोडी वेगळी. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मुंबई-पुण्यात पोचते तेव्हा रंगाने लाल असते पण चवीला बरेचदा आंबट आणि पातळ. ती थेट मिक्सरमधून काढू नका. चार फोडी करून, पाकातली साखर तिच्यावरच घालून अर्धा तास मुरवत ठेवा. जो दाट लाल रस सुटतो तोच पाक म्हणून वापरा, फोडी वेगळ्या खा. ही स्ट्रॉबेरीची सगळ्यात चांगली रीत आहे असं माझं ठाम मत आहे, मिक्सरवाल्यांनी रागावू नये.

बर्फाचं प्रकरण

पाणचटपणाचा अर्धा दोष फळाचा, अर्धा बर्फाचा. बादलीत वीस मिनिटं पडून पाझरायला लागलेला बर्फ वापरला तर तो गार करायच्या आधीच पाणी सोडतो. फ्रीजरमधून काढून थेट शेकरमध्ये घाला, शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. डबा बर्फाने गच्च भरा. बर्फ जास्त घातला की पाणी जास्त होईल असं वाटतं, होतं उलट: जास्त बर्फ पटकन गार करतो आणि कमी वितळतो. दहा-बारा सेकंद जोरात हलवा, डब्याला बाहेरून दव धरलं की थांबा. चुरा केलेला बर्फ दिसायला छान, पण पाच मिनिटांत त्याचं पाणी होतं. तो घेणार असाल तर पेय मुळात कडक ठेवा.

फ्रीजरमध्ये सुरमई ठेवलेली असेल तर बर्फाचा ट्रे झाकणाचा घ्या. याला दुसरा इलाज नाही.

कडू आणि तुरट

कडूपणा आला की आधी लिंबू तपासा. लिंबू पिळायच्या चिमट्यात लिंबू पार चिरडलं, बिया फुटल्या, पांढरी साल पिळली गेली की कडवट रस उतरतो. बिया काढून मध्यम दाबाने पिळा. रस त्याच दिवशी वापरा; सकाळी काढून रात्रीसाठी ठेवलेल्या रसाला ताज्याची धार नसते. मोसंबी आणि संत्र्याचं आणखी वेगळं: त्यांचा रस काढताना गोड असतो आणि ठेवल्यावर कडू होत जातो. तो आयत्या वेळीच काढावा.

डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये फिरवले तर आतल्या बिया दळल्या जातात आणि रस कडसर-तुरट होतो. दाणे मोठ्या गाळणीवर चमच्याने दाबून रस काढा. वेळ लागतो, पण पर्याय नाही. मिक्सरच वापरायचा असेल तर एक-दोन झटके देऊन थांबा.

जांभळाचा तुरटपणा बियांतून नव्हे, गरातूनच येतो. तो काढता येत नाही, सांभाळता येतो. गर मिठाच्या कणाबरोबर मुरवा, पाक ५ मिली जास्त घ्या, आणि रमऐवजी जिन घ्या. रंग असा येतो की पाहुणे आधी फोटो काढतात. लिंबाचा वास जांभळावर चढतो असं वाटत असेल तर आंबटपणा लिंबूसत्त्वाने आणा: ६ ग्रॅम लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली केलं की ते लिंबाच्या रसाइतकंच आंबट होतं, आणि मापंही लिंबाचीच लागू पडतात. पेरूलाही हीच युक्ती चालते.

कोकम घेणार असाल तर बाटलीत काय आहे ते बघा. आगळ असेल तर त्यात मीठ आहे, वरून मीठ नको. सरबताचा गोड अर्क असेल तर पाक नको. या दोन बाटल्या दिसायला एकसारख्या असतात आणि त्यांच्यामुळे बरीच कॉकटेलं वाया गेली आहेत.

फाटलेलं, रवाळ, चिकट

दूध, साय किंवा आइसक्रीम असलेल्या पेयात लिंबू घातलं की ते फाटणारच. सीताफळ सायीबरोबर करायचं असेल तर लिंबू विसरा; त्याचा गोडवा तोडायला जायफळ आणि थोडी कडक कॉफी घ्या. पपई, किवी किंवा ताजा, न शिजवलेला अननस दुधात घालून ठेवला की दूध कडू होतं, कारण त्यातली विकरं दुधातली प्रथिनं तोडतात. करायचंच असेल तर करून लगेच प्या.

अननसाचा ताजा रस हलवला की छान फेस धरतो, तो दोष नव्हे, गाळू नका. पेरूचा गर मात्र गाळाच. दोन चमचे पाणी घालून फिरवा, पिठाच्या चाळणीतून नको, बारीक गाळणीतून काढा, नाहीतर तळाशी रवा बसतो. चिक्कूचं कॉकटेल करू नका. आंबट नाही, रस सुटत नाही, वर रवाळपणा; तो मिल्कशेकमध्ये सुखी आहे.

ग्लास बिघडलाच आहे, आता काय?

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि तीही ५ मिलीने. गोड असेल तर ५ मिली लिंबू, ढवळा, चाखा. तरीही गोड असेल तर मिठाचा कण. सोडा सगळ्यात शेवटी. आंबट असेल तर ५ मिली पाक. कडक असेल तर दोन चमचे गार पाणी. फळ आणखी घालू नका, त्याने साखर चढते. पाणचट असेल तर नुसती रम पुरत नाही. १५ मिली रम, चमचाभर लिंबू, चमचाभर पाक असं तिन्ही एकदम, फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या थोड्या बर्फावर हलवून त्यात ओता.

चाखायचं गार झाल्यावर. कोमट असताना गोड जास्त जाणवतं. स्वयंपाकघरात जगातून चमचा घेऊन "गोड झालंय" म्हणून लिंबू पिळलं, तर गार झाल्यावर तेच आंबटढोण लागतं. आणि करणाऱ्याने आठवा घोट घेऊन निवाडा देऊ नये. तोवर जीभ मेलेली असते. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या.

उर्राकवाल्यांसाठी

गोव्यात मार्च ते मे उर्राकचा हंगाम. लिंबाचा गोड सोडा, लिंबाची फोड, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची, झालं. गोड सोड्याबद्दल वर एवढं बोललो, पण इथे तो चालतो, कारण उर्राक हे काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलंच ऊर्ध्वपातन, फेणीपेक्षा बरंच सौम्य. गडबड होते ती हंगाम संपल्यावर. त्याच मापाने लोक फेणी ओततात. फेणी दुसऱ्या ऊर्ध्वपातनाची, चाळीस टक्क्यांच्या वरची. ९० मिली उर्राकच्या जागी ९० मिली फेणी गेली की संध्याकाळ लवकर संपते. फेणी ३० ते ४५ मिली घ्या, आणि गोड सोड्यात निम्मा साधा सोडा मिसळा. फेणीच्या उग्र वासापुढे आंबा हरतो. अननस आणि कोकम टिकतात.

मोठा जग करायचा असेल तर

दहा माणसांसाठी ग्लासागणिक हलवत बसणं शक्य नाही. तेव्हा दारू, पाक आणि फळ सकाळीच मिसळून फ्रीजमध्ये ठेवा. लिंबू पाहुणे यायच्या तास-दोन तास आधी. जगात बर्फ अजिबात नको. पहिल्या ग्लासाला चव आणि शेवटच्याला पाणी, असं होतं ते यामुळे. हलवताना बर्फातून जे पाणी आलं असतं ते मापून गार पाणी म्हणून घाला, दर ग्लासामागे साधारण ३० मिली. कलिंगड असेल तर हे पाणी वगळा. बर्फ आणि सोडा ग्लासातच.

आणि महाराष्ट्रात कडक दारूला वयाची अट २५ वर्षांची आहे, परवानाही लागतो. कॉलेजातल्या भाच्यांना वेगळा जग करा.

त्या वेगळ्या जगात नुसती रम वगळून भागत नाही, कारण दारूची धार गेली की उरतं ते सरबत. धार दुसरीकडून आणावी लागते. रमच्या ६० मिलींच्या जागी गार केलेला कडक कोरा चहा घ्या, त्यात चमचाभर आल्याचा रस, आणि पाक मूळ मापापेक्षा ५ मिली कमी. आंब्याबरोबर आलं, पेरूबरोबर मिरची-मीठ, कलिंगडाबरोबर पुदिना. चहा मिनिटभरापेक्षा जास्त उकळू नका, नाहीतर जांभळाशिवायच तुरट होईल.